चित्रखुणांची किंमत कोण मोजतो?

डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिला. आम्लहल्ल्याला बळी पडलेल्या आणि दृष्टिदोष असलेल्या नागरिकांना डिजिटल ओळख-पडताळणीत ज्या अडचणी येतात, त्यांसंबंधीच्या याचिकांवरील हा निकाल होता. त्याची चर्चा मुख्यतः अपंगांच्या हक्कांच्या अंगाने झाली, आणि ते योग्यच आहे. तथापि या तत्त्वाची व्याप्ती त्याहून मोठी आहे. ज्याला दिसते पण बारीक दिसत नाही, ज्याला व्यवहार कळतो पण वाचता येत नाही, त्या नागरिकालाही आज बँकेचे, रेशनचे आणि दवाखान्याचे काम करताना मोबाइलच्या पडद्याला सामोरे जावे लागते. त्या पडद्यावर त्याची गाठ प्रथम पडते ती नखाएवढ्या चित्रांशी. 'आयकॉन' या नावाने रूढ झालेल्या या चित्रखुणा सहज दिसाव्यात आणि चटकन ओळखू याव्यात, ही अपेक्षा साधी आहे. ती पुरी का होत नाही, याचे उत्तर मात्र चित्रकलेपेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते.

चित्रखुणांचा आरंभ जबाबदारीच्या जाणिवेने झाला होता. झेरॉक्स कंपनीने १९८१ साली 'स्टार' नावाचा कार्यालयीन संगणक बाजारात आणला. कागद, फायली, टपालाची पेटी अशा परिचित वस्तूंची चित्रे त्याच्या पडद्यावर होती. ती निश्चित करण्यापूर्वी चार निरनिराळे चित्रसंच तयार करून त्यांची प्रत्यक्ष माणसांवर चाचणी घेण्यात आली. पुढे १९८४ साली आलेल्या 'मॅकिंटॉश'साठी सुझन केअर यांनी ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ ठिपक्यांच्या काळ्यापांढऱ्या चौकटीत चित्रखुणा रेखाटल्या. साधन तुटपुंजे होते. म्हणूनच जे अनावश्यक ते गाळावे लागे आणि वस्तूची बाह्यरेषा ठळक ठेवावी लागे. आज पडद्यावर लाखो ठिपके आणि कोट्यवधी रंगछटा उपलब्ध आहेत. साधनांची ही विपुलता वाढत असताना स्पष्टतेचा आग्रह मात्र क्षीण होत गेला.

चित्रखूण दिसणे आणि ती ओळखू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिसण्याचे नियम बरेचसे निश्चित झाले आहेत. पडद्यावरील अर्थपूर्ण चित्र आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील प्रमाण किमान ३ : १ असावे, असे वेबच्या सुगम्यतेचे २०१८ चे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. केवळ रंगावर अर्थ सोपवू नये, हे तत्त्वही जुने आहे. कारण तांबड्या आणि हिरव्यातील भेद ज्यांना जाणवत नाही, अशांची संख्या थोडी नाही. तरीही २०२५ च्या सप्टेंबरात ॲपलसारख्या मातब्बर कंपनीने आपल्या फोनला काचेसारखे पारदर्शक रूप दिले. चिन्हे व मजकूर मागच्या चित्रात विरघळतात अशी टीका झाल्यावर, नोव्हेंबरात ही पारदर्शकता कमी करण्याची सोय द्यावी लागली.

ओळखण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. चिन्ह शेजारच्या चिन्हाहून वेगळे दिसले तरच ते ओळखता येते. गूगलने २०२० च्या ऑक्टोबरात आपल्या कार्यालयीन सेवांची चिन्हे बदलली. तोपर्यंत जीमेलचा लिफाफा तांबडा होता, दिनदर्शिका निळी होती, 'मीट'चा कॅमेरा हिरवा होता. नव्या रचनेत या साऱ्यांना कंपनीचे तेच चार रंग मिळाले. कुटुंबातील साम्य साधले; पण नेमके हवे ते चिन्ह शोधताना डोळे अडखळतात, अशी वापरणाऱ्यांची तक्रार झाली. दुसरी अडचण संकेताची. मजकूर जतन करण्यासाठी आजही अनेक ठिकाणी फ्लॉपीचे चित्र असते. सोनी कंपनीने मात्र जपानमधील फ्लॉपीची विक्री २०११ सालीच थांबवली. भारतातील असंख्य लोकांनी टेबलावरचा संगणक कधी हाताळलाच नाही. ते थेट मोबाइलवर आले. त्यांच्या लेखी फ्लॉपीचा चौकोन किंवा एकाखाली एक तीन आडव्या रेघा ही वस्तूंची चित्रे नसून एका अपरिचित लिपीची अक्षरेच आहेत. अक्षरे निदान शाळेत शिकवली जातात. ही लिपी कोणीच शिकवत नाही.

मग कंपन्या असे का करतात? चिन्हावर शब्द लिहिला तर तो मराठी, तमिळ, बंगाली अशा प्रत्येक भाषेत लिहावा लागतो, तपासावा लागतो, त्यासाठी जागा सोडावी लागते. चित्र एकदाच काढले की जगभर चालते. ही बचत कंपनीच्या जमाखर्चात तत्काळ दिसते. चिन्ह न समजल्यामुळे वाया गेलेली दोन मिनिटे, दुकानदाराला किंवा शेजारच्या मुलाला फोन देऊन करून घेतलेले काम, त्यात उघड झालेला गुप्त क्रमांक, चुकून दाबलेले बटन, हा सारा खर्च कोट्यवधी लोकांत विखुरला जातो आणि कोणत्याच ताळेबंदात उमटत नाही. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिव्यय म्हणतात, त्याचेच हे उदाहरण. कारखान्याच्या धुराप्रमाणे येथेही लाभ एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याचा. बाजारपेठेतील स्पर्धा हा दोष आपोआप दूर करील, हा भरवसाही पोकळ आहे. कारण शासकीय सेवेच्या ॲपला पर्याय नसतो आणि सवयीच्या ॲपला सोडून जाणे सोपे नसते.

वस्तुतः या बाबतीत भारताने कोणाकडून धडे घेण्याची गरज नाही. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते. निवडणूक आयोगाने या मतदारांसाठी बैलजोडी, झोपडी, पणती अशी रोजच्या जीवनातील चिन्हे निवडली आणि प्रत्येक उमेदवाराच्या मतपेटीवर ती लावली. आयोगाचे आरेखक एम. एस. सेठी यांनी पुढे कित्येक वर्षे अशी चिन्हे साध्या रेषांत काढली. ज्याला अक्षर कळत नाही त्याला निर्णय कळतो, हा विश्वास त्या योजनेच्या मुळाशी होता.

चिन्हांच्या साम्याने काय घडू शकते, याची चुणूकही निवडणुकीनेच दाखवली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह असलेल्या शरद पवार गटाच्या उमेदवाराचा पराभव ३२ हजारांहून थोड्या अधिक मतांनी झाला. पिपाणीसारखे दिसणारे 'ट्रम्पेट' हे चिन्ह मिळालेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मते पडली. या चिन्हाचे मराठी नावही 'तुतारी' असेच दिले गेल्याने मतदारांची गल्लत झाली, अशी त्या पक्षाची तक्रार होती. त्यांतील किती मते गल्लतीने पडली हे सिद्ध करता येणार नाही. परंतु साम्याचा वाद निवडणुकीत निदान जाहीरपणे लढता येतो. फोनच्या पडद्यावर 'पैसे द्या' आणि 'पैसे मागा' यांतील भेद बाणाच्या दिशेवरच सोपवला असेल, तर तेथे फसलेल्याची दाद लागत नाही; उलट त्यालाच अडाणी ठरवले जाते.

यावर उपाय अवघड नाहीत. बँका, आरोग्य, शिधावाटप आणि शासकीय अर्जांच्या ॲपमध्ये प्रत्येक चित्रखुणेखाली नागरिकाच्या भाषेतील शब्द असावा. चिन्ह वापरात आणण्यापूर्वी ते वृद्धांना, अल्पशिक्षितांना आणि ग्रामीण स्त्रियांना दाखवून त्यांना काय अर्थ लागला, याची नोंद व्हावी आणि ती प्रसिद्ध केली जावी. रूढ झालेले चिन्ह केवळ नवेपणाच्या हौसेने बदलू नये. नियमांमुळे कल्पकतेला पायबंद बसेल, असा आक्षेप यावर घेतला जाईल. पण रस्त्यावरील 'थांबा'ची पाटी कोणी दर दोन वर्षांनी नव्या रूपात सजवत नाही, आणि त्यामुळे वाहनांची कल्पकता खुंटल्याचे ऐकिवात नाही. लोकांना हळूहळू सवय होईल, हा दुसरा युक्तिवाद. सवय होईपर्यंतचा खर्च सर्वांत दुबळ्या माणसाने सोसावा, एवढाच त्याचा अर्थ होतो.

चित्रखूण समजली नाही की दोष पाहणाऱ्याच्या अज्ञानाला देण्याची प्रथा पडली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने तिला छेद मिळावयास हवा. सेवा देणाऱ्याने आपली खूण लोकांना कळते हे आधी दाखवून द्यावे; तसे दाखवता येत नसेल, तर ती पडद्यावर ठेवण्याचा त्याला अधिकार नाही.