ठसा जुळला, पण कोणाशीं?

इयत्ता दहावींतील एका विद्यार्थ्यानें मागील सत्रांत चलच्चित्रें जोडण्याचें एक सॉफ्टवेअर कोठूनसें फुकट मिळविलें व शाळेच्या संगणकावर तें घालण्याची परवानगी मागितली. आम्ही कांकूं करतांच तो म्हणाला, "सर, हॅश जुळला आहे!" त्याचा हा आत्मविश्वास पाहूनच हे दोन शब्द लिहावेसे वाटले.

हॅश म्हणजे फाइलीचा गणितानें काढलेला ठसा होय. शा-२५६ या रीतीनें काढलेला ठसा, फाइल चिठोऱ्याएवढी असो वा पोथीएवढी, ६४ चिन्हांचाच भरतो. फाइलींत एका स्वल्पविरामाचा फरक झाला तरी सारा ठसा पालटतो. आणि अगदीं रिकाम्या फाइलीचा ठसा जगांतील कोणत्याहि संगणकावर 'ई३बी०सी४४२' याच चिन्हांनीं सुरू होतो. जिज्ञासूंनीं प्रयोग करून पाहावा. एमडी५ व शा-१ या जुन्या रीती मात्र आतां भरंवशाच्या राहिल्या नाहींत. भिन्न मजकुरांचा ठसा एकच निघूं शकतो, हें अनुक्रमें २००४ व २०१७ सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें.

अमेरिकेंतील निस्ट ही मानक-संस्था बाजारांतील सॉफ्टवेअरांचा संग्रह करून त्यांतील फाइलींच्या ठशांची यादी प्रसिद्ध करते. जप्त केलेल्या संगणकांतील लाखों फाइली तपासनीस या यादीशीं ताडतात, ओळखीच्या बाजूस सारतात, आणि उरलेल्यांवरच नजर खर्चितात. परंतु ओळखीची म्हणजे निर्दोष नव्हे. दुसऱ्याच्या संगणकांत शिरण्याचीं साधनेंहि त्या यादींत आहेत, असें ती संस्थाच सांगते. गांवच्या पाटलास भुरटा चोरहि ओळखीचाच असतो!

दुसरी गोष्ट याहून नाजूक. फेब्रुवारी २०१६ मध्यें चोरट्यांनीं लिनक्स मिंटच्या संकेतस्थळांत शिरून मूळ फाइलीच्या दुव्याजागीं आपल्या बिघडविलेल्या फाइलीचा दुवा ठेवला. खऱ्या ठशाशीं ताडून पाहणारा तेथें बचावला असता. पण जो दुवा बदलूं शकतो, त्यास शेजारचा ठसा बदलण्यास कितीसा वेळ लागणार? म्हणून ठसा कर्त्याच्या स्वाक्षरीनिशीं, किंवा निदान निराळ्या विश्वसनीय ठिकाणाहून घ्यावा, असें आमचें आग्रहाचें मत आहे.

त्या विद्यार्थ्यास आम्ही विचारलें, "अरे, ठसा घेतलास कोठून?" फाइल जेथून घेतली तेथूनच, असें उत्तर आलें. मग त्यास आम्ही कर्त्याच्या मूळ संकेतस्थळावर त्याच आवृत्तीचा ठसा पाहावयास लाविलें. पहिलींच चार चिन्हें निराळीं निघालीं.