जुना लॅपटॉप टाकण्यापूर्वीं

लॅपटॉप मंदावला कीं नवा घेऊन द्या, असा हट्ट आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील विद्यार्थीही धरूं लागले आहेत. आणि हळदीचे पैसे हातीं आलेले पालक तो पुरवितात. आमच्या मतें ही घाई अनाठायीं होय. जुन्या यंत्रांत बहुधा हार्ड डिस्क असते. तिच्या तबकड्या मिनिटास सामान्यतः ५४०० फेरे घेतात व वाचणारी दांडी त्यांवर इकडून तिकडे धांवत असते. विलंब बहुतेक तेथेंच होतो. सन १९५६ मध्यें निघालेल्या पहिल्या डिस्क-यंत्राची रीतही हीच होती! एसएसडींत फिरणारें कांहींच नाहीं, आणि तिला नव्या लॅपटॉपच्या किंमतीचा अल्पांशच पुरतो.

हें काम नांदेडच्या कारागिराचेंच, असें समजूं नये. वडील माणूस जवळ बसल्यास नववीच्या मुलास तें साधेल. मात्र आपल्या यंत्रांत अडीच इंची सॅटा बसते कीं एम.२, हें आधीं पाहावें. कित्येक पातळ यंत्रांत तर साठवण मदरबोर्डावर डाख देऊन पक्की केलेली असते, तेथें उपाय नाहीं. नवी एसएसडी यूएसबी-पेटींत घालून जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल तींत उतरवावी. मग यंत्र बंद करून, बॅटरी सोडवून अदलाबदल करावी. नक्कल वगळणारे बहाद्दरही असतात. आजीचे फोटो गेल्यावर त्यांची विद्या कोणास हवी?

काढलेली डिस्क भंगारवाल्यास देऊं नये. फाइल पुसली तरी तिच्यांतला मजकूर बराच काळ उरतो. तीच त्या पेटींत घालून कपाटांत ठेवावी. घरच्या फोटोंची दुसरी प्रत होते.