हजार वॅटचे करायचे काय?

नवी मुंबईतल्या उलव्यात आज डीजेचा धंदा सुरू करणाऱ्याला दोन तऱ्हांची गिऱ्हाइके भेटतात. एकीकडे गव्हाण, शेलघर, जासईसारख्या जुन्या गावांतल्या आगरी-कोळी हळदी; तिथे साऊंड कमी पडला तर पाहुण्यांत चर्चा होते. दुसरीकडे सिडकोच्या सेक्टरांतल्या सोसायट्या. तिथे वाढदिवस आणि गरबा पोडियमवर किंवा गच्चीवर होतो, आणि पहिली तक्रार शेजारच्याच विंगमधून येते. २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली, जानेवारी २०२४ मध्ये ती उरणला पोहोचली आणि त्याच दिवशी अटल सेतूही खुला झाला. वस्ती अशी वाढत असताना दुसऱ्या प्रकारच्या सुपाऱ्या वाढणे ओघाने आलेच. अशा वेळी हाताशी थोडे पैसे असलेला मुलगा बाजारात जातो आणि नव्या, अनोळखी छापाच्या, पाठीवर मोठा वॅटचा आकडा असलेल्या पंधरा इंची पेट्या उचलतो. माझे म्हणणे असे, की त्याच पैशात नावाजलेल्या कंपनीची, बारा इंची, आत अ‍ॅम्प्लिफायर असलेली सेकंडहँड जोडी घेणे जास्त शहाणपणाचे आहे. कारण धंद्यात विकता येईल एवढ्या आवाजाला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा साध्या पेटीच्याही खूप खाली आहे.

आधी वॅटचा आकडा पाहू. इलेक्ट्रो-व्हॉइसची झेडएलएक्स-१२पी आणि यामाहाची डीबीआर१२ या दोन्ही बारा इंची पेट्या कागदावर १,००० वॅटच्या. पण कमाल आवाज एकीचा १२६ डेसिबल, तर दुसरीचा १३१ डेसिबल दिलेला आहे. दोन्ही कंपन्यांची मोजण्याची रीत सारखी असेलच असे नाही. तरीही वॅट तेच आणि आवाज वेगळा, एवढे त्यातून कळते. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे ताकद दहापट हवी. त्यामुळे १,००० ऐवजी २,००० वॅटची पेटी घेतली, आणि तो आकडा खरा निघाला, तरी नाचणाऱ्याला जेमतेम फरक जाणवेल. शिवाय स्वस्त पेट्यांवर क्षणभर निघणारी कमाल ताकद छापलेली असते. सलग तासभर किती निघते ते सांगितलेले नसते. नावाजलेल्या कंपनीची जुनी पेटी निदान आपल्या आकड्यांशी बऱ्यापैकी प्रामाणिक असते, आणि तिच्यातला लिमिटर कॉइल जळण्याआधी आवाजाला आवर घालतो.

आता कायदा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. सार्वजनिक जागेत स्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी ते चालते. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५. खासगी जागेला सूट ५ डेसिबलचीच. हिशेब करू. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. हद्द ३२ मीटरवर धरली तर तिथे ६५ राखण्यासाठी पेटीपासून एक मीटरवर ९५ डेसिबलच्या आसपास थांबावे लागते. ठोक्यांसाठी वर १५ डेसिबल राखून ठेवले तरी ११० होतात. १२६ डेसिबलच्या पेटीत त्यानंतरही १६ डेसिबल शिल्लक राहतात, म्हणजे ताकदीच्या साधारण चाळिसाव्या भागात काम भागते. हद्द जवळ असेल तर आवाज आणखी खाली आणावा लागेल. बाकीचे वॅट पाठीवर छापण्यापुरतेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे नियम पाळतो कोण? हळदीच्या मंडपात ६५ डेसिबल कोणी मोजत बसत नाही, हे खरे. पण तक्रार झाली तर बुडते कोणाचे, ते पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात मर्यादा ओलांडणारे लाउडस्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर जप्त करण्याची तरतूद राज्यांनी करावी, असे सांगितले. यजमान घरी जातो. जप्त होते ते डीजेवाल्याचे भांडवल. काही ठरावीक सणांना, वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस, राज्य सरकार रात्री बारापर्यंत मुभा देऊ शकते. एरवी दहानंतर उरतो तो बंद हॉल, आणि तिथे दोन बारा इंची पेट्या पुरेशा होतात. मोकळ्यावर नाचणाऱ्यांना आवाज कमी वाटू नये म्हणून पेट्या स्टँडवर उंच चढवून नाचाच्या जागेकडे वळवाव्यात, इमारतींकडे त्यांची पाठ करावी. वॅट वाढवण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आहे.

दुसरा आक्षेप बेसचा. बारा इंची पेटीला पोट हलवणारा बेस जमत नाही, आणि आगरी हळदीला तोच लागतो. हे मान्य. पण बेस ही रोजची गरज नव्हे. ज्या सुपारीला हवा, त्या दिवशी बेसच्या पेट्या भाड्याने आणाव्यात आणि ते भाडे सुपारीच्या रकमेत धरावे. सोसायटीत त्या नेऊच नयेत. खालचे सूर भिंतीतून सहज पार होतात आणि तक्रार बहुधा त्यांचीच असते. मग सगळेच भाड्याने का आणू नये? कारण छोट्या सुपाऱ्या ऐन वेळी येतात आणि भाडे त्यातला नफा खाऊन टाकते. वरील दोन्ही पेट्या प्रत्येकी १६ किलोच्या आतल्या आहेत. एकटा माणूस त्या लिफ्टने पोडियमवर नेऊ शकतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: सेकंडहँडला हमी नाही, आणि अ‍ॅम्प्लिफायर आतच असल्याने तो गेला की पेटी मुकी. जुन्या पद्धतीत मशीन वेगळे असते आणि गावातला कारागीरही ते उघडून दुरुस्त करतो. आक्षेप खरा आहे, म्हणूनच तपासणीत घाई नको. पेटी अर्धा तास मोठ्याने चालवावी. तापल्यावर आवाज फाटतो का, जळका वास येतो का, ते पाहावे. बंद पेटीची जाळी काढता येत असेल तर स्पीकरचा कोन दोन्ही तळव्यांनी हलके दाबावा. घासल्याचा आवाज आला की कॉइल बिघडलेली समजावी. हॉर्नमधून सूर स्वच्छ येतो का, प्रत्येक इनपुट चालतो का, बटण फिरवताना खरखर होते का, तेही पाहावे. स्क्रूचे डोके झिजलेले असेल तर पेटी आधी उघडली गेली आहे. उलव्याच्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेत जाळीवरचा आणि सॉकेटमधला गंज बरेच काही सांगून जातो. परदेशातून आलेल्या पेटीवर १२० व्होल्ट लिहिलेले नाही ना, हे वाचावे. मूळ बिल मागावे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे गुन्हा आहे. आणि सौदा पक्का करण्याआधी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्या मॉडेलचा ड्रायव्हर आणि अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड मिळतो का, ते विचारावे. मिळत नसेल तर पेटी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

एवढे केल्यावर दुरुस्तीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. मांडवातल्या जनरेटरचे व्होल्टेज वरखाली होते, म्हणून स्टॅबिलायझर आणि चांगल्या वायरी घ्याव्यात. खरेदीची वेळही निवडता येते: चातुर्मासात लग्ने थांबतात, तेव्हा पेट्या पडून राहतात आणि विकणाऱ्यालाही पैशांची घाई असते. नवी अनोळखी पेटी दुकानातून बाहेर पडताच निम्म्या विश्वासाची होते. वर्षभरानंतर तिला गिऱ्हाईक मिळणे कठीण. चांगल्या छापाची, तपासून घेतलेली जुनी पेटी मात्र आपली घसरण आधीच्या मालकाकडे करून आलेली असते. धंदा चालला नाही तरी घातलेल्या पैशांतला मोठा भाग परत मिळतो, आणि नव्या धंद्यात एवढी हमी वॉरंटी कार्डही देत नाही.