दम्याला दमा म्हणूया

इन्सुलीत पावसाळा लागला की माझ्या लहानपणी रात्री छातीत शिट्टी वाजायची. भिंतींना ओल, चुलीचा धूर आणि मी उशीला टेकून बसलेला. घरचे म्हणत, 'सर्दी छातीत उतरली.' दमा हा शब्द कुणी काढत नसे. आज माझा भाचा तसाच बसतो आणि बहीण म्हणते, "भाई, पंप नको. एकदा लागला की सुटत नाही."

मी सॉफ्टवेअर लिहितो. ज्याची नोंद नाही, ते यंत्राला दिसत नाही. दम्याचंही तसंच झालंय. ग्लोबल अस्थमा नेटवर्कने भारतात पुण्यासह ९ ठिकाणी पाहणी केली. निष्कर्ष २०२२मध्ये प्रसिद्ध झाले. गेल्या १२ महिन्यांत छातीत शिट्टीसारखा आवाज आला का, असा साधा प्रश्न होता. ६-७ वर्षांच्या मुलांत ३.१६ टक्के, १३-१४ वर्षांच्या मुलांत ३.६३ टक्के 'हो' निघाले. 'आयझॅक' या आधीच्या पाहणीपेक्षा प्रमाण घटलं होतं.

पण घटलेल्या आकड्यावर समाधान मानू नये. त्याच पाहणीत मुलं आणि पालक धरून, त्रास असलेल्या ८२ टक्के लोकांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं. श्वासातून घ्यायचं प्रतिबंधक औषध रोज घेणारे अडीच टक्क्यांहूनही कमी होते.

पंपाची सवय लागत नाही. औषध थेट फुफ्फुसात जातं, म्हणून मात्रा अगदी थोडी पुरते. तात्पुरता आराम देणारा पंप वेगळा आणि सूज कमी करणारा, नियमित घ्यायचा पंप वेगळा. फक्त पहिल्यावर भागवणं धोक्याचं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये पालघरहून सुरू झाला. अंगणवाडी आणि शाळेतल्या त्याच्या तपासणीत श्वासनलिकेचा हा विकारही येतो. पण पथक येतं दिवसा आणि मूल खोकतं रात्री. त्या वेळी छाती साफ वाजू शकते. म्हणून तपासणीच्या दिवशी आई-वडिलांनी शाळेत जाऊन रात्रीचा खोकला, शिट्टी, धावल्यावर लागणारी धाप स्वतः सांगावी.

आणि आपण ग्रामसभेत विचारावं : आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित घ्यायचा पंप आणि लहान मुलांसाठी स्पेसर कायम मिळतो का? हे मागणं हक्काचं आहे. बहिणीला मी एवढंच म्हणालो, "आपा, आधी आजाराचं नाव तर घेऊ."