इंजेक्शनच्या आधी टाच बघा

उसाने भरलेल्या ट्रॉलीवरून मजूर पडतो, विहिरीच्या कामावर कुणी काठावरून कोसळतो, नगर-मनमाड रस्त्यावर मोटरसायकल खड्ड्यात आपटते. एमआरआयमध्ये मज्जारज्जूला मार दिसला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, खालचं अंग गेलं, आता देवावर सोडा. दुसऱ्याच्या मोबाइलवर व्हिडिओ आलेला असतो: स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं अन् पेशंट उभा राहिला. मला दोन्ही पक्ष अमान्य आहेत. दोघांमुळे होणारं नुकसानही एकच आहे.

पहिल्याचं खंडन सोपं. ही इजा उपचाराच्या पलीकडची, हे प्राचीन इजिप्तच्या वैद्यांचं मत विसाव्या शतकापर्यंत टिकलं. 1944 साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल इस्पितळात लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलणं, मूत्राशयाची निगा आणि व्यायाम यांची कडक शिस्त लावली, आणि जी माणसं एरवी काही महिन्यांत दगावत ती वर्षानुवर्षं जगू लागली. 1965च्या युद्धात मणक्यात गोळी बसलेले आपले जवान मुरलीकांत पेटकर 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांचा मज्जारज्जू कुणी सांधून दिला नव्हता!

दुसरा पक्ष चिवट, कारण तो विज्ञानाच्या भाषेत बोलतो. संशोधन खरंच पुढे गेलं आहे, ते नाकारायचं कारण नाही. मेंदू आणि मज्जारज्जूतले तंतू पोषक वाट मिळाली तर वाढतात, हे 1980च्या सुमारास माँट्रियलमध्ये संशोधक आग्वायो यांनी दाखवलं. झुरिकच्या श्वाब यांनी ती वाढ अडवणारं प्रथिन शोधलं. लोझानमध्ये पाठीच्या कण्यात विद्युत-उत्तेजना देऊन, जोडीला महिनोन्‌महिने सराव करवून, काही जण पुन्हा पावलं टाकू लागले. टोकियोच्या केइओ विद्यापीठाने प्रयोगशाळेत घडवलेल्या पेशी चार रुग्णांत सोडल्या. 2025 मध्ये त्यांपैकी दोघांत सुधारणा दिसल्याचं जाहीर झालं. चौघांत दोन! अजून हा पुरावा नव्हे, पुराव्याची सुरुवात आहे.

मग व्हिडिओतला पेशंट? इजा अर्धवट असेल तर पहिल्या काही महिन्यांत बरीच ताकद आपोआप परतते. तिसऱ्या महिन्यात इंजेक्शन टोचलं आणि चौथ्यात अंगठा हलला, तर श्रेय कुणाचं? सोबत तुलनेचा गट नसेल तर हे टोचणाऱ्यालाही सांगता येणार नाही. पुष्कळदा तर हलणारा पाय हा नुसता झटका असतो, रुग्णाच्या इच्छेने तो हललेलाच नसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017ची मार्गदर्शक तत्त्वं साफ सांगतात: या इजेवर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. ज्याचं बिल देण्यासाठी रान विकावं लागतं, त्याला संशोधन म्हणू नये.

आता ते सामाईक नुकसान. एका घराने आशा सोडलेली, दुसऱ्याची चमत्काराकडे नजर. दोन्ही घरांत टाचेकडे आणि माकडहाडाकडे कुणी बघत नाही. तिथली कातडी आधी लाल होते, दाबली तरी पांढरी पडत नाही. आठवड्याभरात खड्डा. लघवीची नळी तीच ती राहते, ताप येतो, गुडघे आखडतात. उद्या खरा उपचार निघाला तरी चिघळलेली जखम आणि आखडलेले सांधे असलेला माणूस अशा चाचण्यांतून बहुधा आधीच वगळला जातो. म्हणून निगा ही संशोधनाच्या वाटेवरचीच पायरी आहे. तिला दुय्यम समजणारे विज्ञानाचे कैवारी मला पटत नाहीत.

आणि ही निगा आपल्या नगर जिल्ह्याला जमण्यासारखी आहे. डॉक्टर आरोळे दांपत्याने 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि पुढे निरक्षर बायांनाही आरोग्यसेविका बनवलं. लोणी आणि विळद घाट इथे फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी गावोगावच्या आशाताईंना टाच तपासायला, दिवसातून ठरावीक वेळी स्वच्छ नळीने लघवी काढायचं घरच्यांना शिकवायला, आणि अपघातानंतर माणसाला झोळीत न उचलता फळीवर सरळ घ्यायला शिकवावं. साखर कारखान्यांनी गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक तोडणी टोळीला अशी एक फळी आणि चार पट्टे द्यावेत.