तोळा, शेकेल आणि दहा ग्रॅम

भंडाऱ्याहून एका वाचकांचें पत्र आलें आहे. त्यांचे चिरंजीव महाविद्यालयांत प्राचीन इतिहास शिकतात, आणि यहुदी धर्मग्रंथांतील ‘शेकेल’ त्यांस पदोपदीं अडतो. आजच्या ग्रॅमांचे शेकेल कसे करावे, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न घरचा आहे. पणजीच्या जुन्या यादींत ‘पाटल्या, पांच तोळे’ अशी नोंद असून आतां वांटणी व्हावयाची आहे. तेव्हां पांच तोळे म्हणजे पन्नास ग्रॅमच ना? प्रश्न वरवर निराळे दिसले तरी दोहोंचें मर्म एकच आहे, म्हणून उत्तरही एकत्रच देतों.

शेकेल हें आधीं वजन होतें, नाणें मागाहून झालें. अब्राहामानें पत्नीच्या दफनासाठीं शेत विकत घेतलें तेव्हां चारशें शेकेल रुपें मोजून नव्हे, तोलून दिलें. पुरातत्त्वज्ञांनीं यहूदाच्या जुन्या नगरांचें उत्खनन केलें त्यांत खुणा कोरलेले दगडी गोटे सांपडले. त्यांवरून शेकेलाचें वजन सरासरी ११.३३ ग्रॅम ठरतें. आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं लहानपणीं घोकलेलें कोष्टक येथें उपयोगी पडतें : आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. इंग्रजी अमदानींत १८३३ सालीं १८० ग्रेनांचा तोळा प्रमाण ठरला, तो ११.६६ ग्रॅमांचा. म्हणजे शेकेल हा आपल्या तोळ्याहून जेमतेम तीन गुंजांनीं हलका, अकरा मासे पांच गुंजा! समुद्रापलीकडचें वजन आपल्या सोनाराच्या तराजूंत इतकें जवळ येऊन बसावें, हा योगायोगच. त्यावरून नातें जुळविण्याची घाई मात्र करूं नये.

रीत सोपी आहे. ग्रॅमांस ११.३३ नें भागावें. एक किलो म्हणजे ८८ शेकेल व वर सुमारें पांच गेरा. वीस गेरांचा एक शेकेल होतो. अर्ध्या शेकेलास बेका म्हणत. सर्वांत मोठें वजन किक्कर. तें किती शेकेलांचें, हें ग्रंथांत थेट सांगितलेलें नाहीं. पण एका शिरगणतीच्या हिशेबावरून तें उलगडतें. ६,०३,५५० पुरुषांनीं दरडोई अर्धा शेकेल दिला, आणि एकूण भरणा १०० किक्कर व १,७७५ शेकेल झाला. सहा लक्ष तीन हजार पांचशें पन्नासांचें निम्में ३,०१,७७५; त्यांतून १,७७५ वजा जातां तीन लक्ष उरतात; म्हणजे किक्कर तीन हजार शेकेलांचें. मुलांकडून हें उदाहरण अवश्य सोडवून घ्यावें. किक्कर म्हणजे सुमारें ३४ किलो, आपल्या चाळीस शेरी मणाहून तीन-सव्वातीन किलो कमी. भंडाऱ्याच्या बाजारांतील एक क्विंटल धान तीन किक्करांस १७४ शेकेल कमी भरेल. परंतु ते दगडी गोटे एकमेकांशीं तंतोतंत जुळत नाहींत, तेव्हां दशांश चिन्हापुढें चार-चार आंकडे काढीत बसणें हा व्यर्थ शीण होय.

त्या गोट्यांनीं एक जुनें कोडेंही सोडविलें. ‘पीम’ हा शब्द त्या ग्रंथांत एकदांच, नांगराच्या फाळांस धार लावण्याच्या प्रसंगीं येतो. जुन्या भाषांतरकारांनीं तो कानशीचा वाचक मानला. पुढें ‘पीम’ अशींच अक्षरें कोरलेलीं सुमारें आठ माशांचीं वजनें सांपडलीं, आणि ती लोहाराची मजुरी होती हें उघड झालें. मूळ हिब्रू शिकून अवघ्या बायबलाचें मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाई १९२२ सालीं निवर्तल्या व त्यांचें भाषांतर १९२४ सालीं ग्रंथरूपानें निघालें. अशा शब्दांपाशीं त्या विदुषीस किती वेळ थांबावें लागलें असेल!

नांवावरून वजन ओळखूं जाणें किती फसवें, याचें उदाहरण ‘माने’ हें आहे. हें हिब्रू वजन पन्नास किंवा साठ शेकेलांचें, म्हणजे आपल्या शेराहूनही कमी. आपला ‘मण’ त्याच कुळांतला असें पुष्कळ विद्वान् म्हणतात. ऋग्वेदांतील ‘मना’ शब्दही त्याच्याशीं कित्येकांनीं जोडला, इतरांस तें मान्य नाहीं. कूळ एक असेल, पण मण चाळीस शेरांचा!

पाटल्यांचा प्रश्न नेमका येथेंच येतो. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं व ऑक्टोबर १९५८ पासून तीं व्यवहारांत येऊं लागलीं. तोळा कायद्यांतून गेला, तोंडांतून गेला नाहीं. सराफ कट्ट्यावर आज दहा ग्रॅमांसच तोळा म्हणतात. पणजीची याद त्यापूर्वींची असेल तर तिचे पांच तोळे म्हणजे ५८.३२ ग्रॅम. पन्नास धरल्यास सव्वाआठ ग्रॅमांहून अधिक, म्हणजे सातवा हिस्सा सोनें हिशेबांतून नाहींसें होतें, आणि तें बहुधा त्या लेकीबाळींच्या वांट्यांतून जातें ज्यांना याद वाचावयास कोणी दिलेलीच नसते. थैलींत एक जड व एक हलका असे दोन दगड बाळगूं नयेत, अशी यहुद्यांच्या धर्मशास्त्रांत स्पष्ट आज्ञा आहे. येथें दगड एकही नाहीं, नुसता शब्द दोन वजनांचा झाला आहे. दागिने सर्वांच्या देखत तोलावे व प्रत्येक नोंदीपुढें ग्रॅम लिहावे. यादीपेक्षां वजन कमी भरलें तर झीज किती आणि तोळ्याचा घोटाळा किती, हें मग आपोआप दिसेल.

पत्रांत शेवटीं खंडीचे शेकेल विचारले आहेत. ते होणार नाहींत. भंडाऱ्याकडील वीस कुडोंची खंडी हें भरून घेण्याचें माप आहे, तोलण्याचें नव्हे. हलकें धान व भारी धान एकाच कुडोंत निरनिराळें वजन देतें. यहुद्यांतही धान्यासाठीं ‘एफा’ हें वेगळें माप होतें. खंडीचा मेळ घालावयाचाच असेल तर त्याच्याशीं घालावा. त्याविषयीं पुढील अंकीं लिहूं.