विकताना मोजमाप, घेताना रंग



कापसाची गाडी सरकारी खरेदी केंद्रावर उभी राहिली की ग्रेडर आधी ओलावा पाहतो. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर चढेल तशी कपात, आणि 12 टक्क्यांच्या पुढे गेला तर गाडी परत. धाग्याची लांबी बघतात, कवडी बघतात, कचरा बघतात. काढणीच्या वेळी पाऊस येऊन ज्वारीचा दाणा बुरशीने काळा पडला, तर व्यापारी तो दाणा हातावर घेऊन लांबूनच नाक मुरडतो आणि भाव पाडतो. आपला माल विकताना बुरशीसुद्धा मोजली जाते.

आता तोच शेतकरी रानडुकरे आणि रोह्यांच्या त्रासाने जेरीस येऊन कुंपणाचे लाकडी खांब घ्यायला जातो. दुकानदार हिरवट खांबावर थाप मारून सांगतो, ‘‘औषध मारलेला माल आहे, वीस वर्षे बघायला नको.’’ कोणते औषध? किती? किती खोल? लाकूड कोणते? या प्रश्नांना उत्तर एकच, रंग बघा! मोरचुदाच्या पाण्यात बुचकळून काढले तरी लाकूड हिरवे होते. रंग हे काही माप नाही.

मोजता येत नाही म्हणून मोजत नाहीत, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. लाकडाला मुरवायचे हे औषध मुळात आपल्याच देशात निघाले. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशम या शास्त्रज्ञाने 1933 साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण तयार केले. तांबे आणि आर्सेनिक बुरशीला व किडीला मारतात आणि क्रोमियम त्यांना लाकडात पक्के धरून ठेवते, म्हणजे पावसाने ती धुऊन जात नाहीत. जगभरच्या तारखात्यांनी आणि वीज कंपन्यांनी या मिश्रणाचे खांब उभे केले. खरेदी करताना त्यांनी रंग पाहिला नाही, आकडा मागितला.

तो आकडा कसा काढतात हे समजायला कठीण नाही. लाकडाचे लहान ठोकळे भट्टीत पूर्ण वाळवून वजन करायचे. त्यांना कमीजास्त मात्रेचे औषध द्यायचे. काहींना दोन आठवडे पाण्यात ठेवून धुऊन काढायचे, कारण शेतात पाऊस पडणारच. मग प्रत्येक ठोकळा बरणीत जिवंत बुरशीवर ठेवायचा. बारा ते सोळा आठवड्यांनी काढायचा, वरची बुरशी पुसायची, पुन्हा पूर्ण वाळवायचा आणि वजन करायचे. 20 ग्रॅमचा ठोकळा 13 ग्रॅम भरला, तर 35 टक्के लाकूड बुरशीने खाल्ले. युरोपच्या मानकात ही घट सरासरी 3 टक्क्यांच्या आत राहील तेवढी मात्रा पुरेशी धरतात. सोबत बिनऔषधी ठोकळा ठेवतात, आणि तो भरपूर कुजलाच पाहिजे. तो कुजला नाही तर बुरशीच मेलेली होती, औषधाचे श्रेय शून्य. आपल्याकडेही भारतीय मानक संस्थेची अशा चाचणीची पद्धत 1968 पासून छापील आहे.

पण प्रयोगशाळेचा कागद दाखवला म्हणून मान डोलावू नये, असेही आम्हाला वाटते. याचे कारण बुरशीच्या स्वभावात आहे. बरणीत सहसा दोन प्रकारच्या बुरशी वापरतात. एक लाकूड तपकिरी करून त्याचे चौकोनी तुकडे पाडते, दुसरी पांढरे व धागेदार करते. तिसरी मऊ कूज. ती ओल्या मातीत, बाहेरून आत, हळूहळू पोखरते आणि औषध दिलेल्या लाकडातही टिकाव धरते. ऑस्ट्रेलियात 1970 च्या दशकात निलगिरीच्या जातीचे औषधी वीजखांब याच मऊ कुजीने अपेक्षेच्या आधी खराब झाले. आपल्याला मिळणारे खांबही पुष्कळदा निलगिरीचेच असतात, हे ध्यानात ठेवा.

दुसरे असे, की वजन घटण्याच्या आधी ताकद जाते. तपकिरी कुजीत वजन 5 ते 10 टक्के घटते तोवर लाकडाची धक्का सोसण्याची ताकद निम्म्याहून जास्त गेलेली असू शकते. कुंपणाच्या खांबाचे गणित तर आणखी वाईट. कूज लागते ती जमिनीच्या रेषेवर. वर लाकूड कोरडे असते, फार खाली हवा नसते, मध्ये ओल आणि हवा दोन्ही असतात. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथे ही रेषा खालीही सरकते. चार इंची गोल खांबाची या जागी चहूबाजूंनी अर्धा इंच साल कुजली, तर चांगले लाकूड तीन इंच उरते. वाकण्याची ताकद जाडीच्या घनात बदलते, म्हणून ती शंभराची बेचाळीस राहते. सगळा खांब उपटून वजन केला तर फरक जाणवणार नाही, आणि डुकराच्या पहिल्या धडकेत तो आडवा होईल.

म्हणून आमचे म्हणणे असे. खांबांच्या प्रत्येक लॉटसोबत चिठ्ठी मागा. लाकडाची जात, औषधाचे नाव, घनमीटरला किती किलो मुरले, किती खोल गेले, तारीख. अमेरिकेच्या मानकात याच मिश्रणाची मात्रा जमिनीवरच्या लाकडाला घनमीटरमागे 4 किलो आणि जमिनीत गाडायच्या लाकडाला 6.4 किलो आहे, म्हणजे दीडपटीहून अधिक. तेव्हा ‘औषध आहे’ एवढ्याने भागत नाही. नुसत्या बोरॅक्स-बोरिकचा खांब तर शेतात गाडायला घेऊच नका, ते पावसाने धुऊन जाते.

दहा-वीस खांबांतला एक दुकानातच मधोमध कापून घ्या. टोकाला कापू नका, टोकातून औषध नेहमीच जास्त शिरते, तिथे फसगत होते. गाभ्यात औषध शिरत नाही, पण त्याच्या बाहेरचे पांढरे लाकूड सगळे हिरवे दिसले पाहिजे. पापुद्रा हिरवा आणि खाली पांढरे, तर पैसे परत मागा. घरी आणल्यावर गाडायचे टोक कधी तासू नका.

ज्यांनी खांब लावले आहेत त्यांनी दरवर्षी मृगाच्या आधी खांबाभोवतीची माती फूटभर उकरून पोत्याच्या दाभणाने टोचून पाहावे. दाभण किती शिरले ते वहीत मांडावे. वाळवीने पोखरलेले वेगळे मांडा, तिथे मातीचे बोगदे दिसतात. वाळवीचा हिशेब बुरशीच्या खात्यात धरला तर दोन्ही चुकतात.

एक ताकीद मायबहिणींसाठी. असा मोडका खांब चुलीत घालू नका, त्याच्या धुरात आणि राखेत आर्सेनिक असते. गुरांची गव्हाण किंवा ज्वारीची कोठीही त्याची करू नका. अमेरिकेत घरगुती लाकडासाठी हे मिश्रण उत्पादकांनी 2003 च्या अखेरीस बंद केले, शेतीच्या खांबांना मात्र मुभा राहिली. शेतकऱ्याच्या अंगणातही लेकरे खेळतात, हे तिकडेही कोणाच्या ध्यानात आले नसावे.

जिल्हा मेळाव्यात आम्ही हा विषय ठेवणार आहोत. प्रत्येक तालुक्यातून दोन शेतकऱ्यांनी, एकाने काळ्या रानात आणि एकाने मुरमाड रानात, एकाच लॉटच्या दहा औषधी आणि दहा बिनऔषधी खुंट्या निम्म्या गाडाव्यात. वर्षातून एकदा उपटून प्रत्येकीला दहापैकी गुण द्यावेत. धड असेल तर दहा, हाताने मोडली तर शून्य. ज्यांना करायचे आहे त्यांनी खांब घेतल्याची पावती आणि चिठ्ठी सोबत आणावी. दुकानदाराने चिठ्ठी दिली नसेल तर तसे पावतीच्या मागे लिहून आणावे.